खांदा आखडला आणि पिस्तुलाची जागा बदलली

११ वर्षं माझं पिस्तूल उजव्या कमरेच्या किंचित मागे असायचं. होल्स्टर (पिस्तूल कमरेला अडकवायचं म्यान) वापरणारे जागा घड्याळावरून सांगतात: बेंबी १२, उजवं कमरेचं हाड ३, पाठीचा कणा ६. माझी जागा ४. मग उजवा खांदा आखडला. कोट चढवायलासुद्धा कुणीतरी लागायचं, तिथे पाठीमागचं पिस्तूल काढणार कशी? म्हणून ते पुढे, १ वाजता आणायचं ठरवलं. या जागेला अपेंडिक्स म्हणतात. डावखुऱ्यांनी सगळं उलट्या बाजूने मोजावं. परवान्यात पिस्तूल लपवून बाळगायची मुभा आहे, असं मी इथे धरून चालते.

माझी पहिली चूक म्हणजे जुनंच होल्स्टर पुढे ओढून पाहिलं. ते ४ वाजण्याच्या जागेसाठी पुढे १५ अंश कललेलं होतं; पोटावर त्याची मूठ भलतीकडेच जायची. पुढच्या जागेला सरळ उभं बसणारं, त्याच जागेसाठी बनवलेलं होल्स्टर घ्या. ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, पूर्ण झाकणारं आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहील इतकं कडक हवं. वापरून मऊ पडलेलं चामडं नको. त्याची घडी आत वळते आणि पिस्तूल ठेवताना ट्रिगरवर दाबली जाऊ शकते. पट्टाही ताठ हवा, नाहीतर मूठ बाहेर लोंबते.

मग घरात सराव, तोही रिकाम्या पिस्तुलानेच. आधी मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढायचं, नंतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या गोळीच्या जागेत, चढते. चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घ्या. पिस्तूल रिकामं असलं तरी सरावाचा रोख भरीव भिंतीकडेच ठेवा.

आता आरशासमोर उभं राहायचा मोह होईल. आधी बसा. खुर्चीत, खोल सोफ्यात, गाडीत सीटबेल्ट लावून. बुटाची नाडी बांधा, जमिनीवरून जड पिशवी उचला. उभ्याने छान वाटलेली जागा बसल्यावर दहा मिनिटांत नकोशी होते. माझ्या बाबतीत होल्स्टरचं खालचं टोक मांडीच्या सांध्यात रुतायचं. ते एक भोक वर घेतलं तर मूठ शर्टातून दिसू लागली. शेवटी होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला, बाहेरून, नळीच्या तोंडाकडे फोमची पाचर चिकटवली. तिने खालचं टोक अंगापासून दूर ढकललं आणि वरची मूठ पोटाकडे वळली. हे सगळं एका दिवसात करू नका. एका दिवशी एकच बदल, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं.

एका गोष्टीचं मला फार नवल वाटलं. लपवायला अवघड असते ती मूठ, नळी नव्हे. होल्स्टर थोडं लांब असेल तर पट्ट्याखालचा भाग अंगाला टेकतो आणि मूठ आत राहते; अगदी आखूड होल्स्टर पट्ट्यावरून बाहेर कलंडतं.

काढायची रीतही बदलते. डाव्या हाताने कपडा छातीपर्यंत वर ओढायचा आणि तिथेच धरायचा. पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच उजव्या हाताची पूर्ण पकड बसली पाहिजे, तर्जनी बाहेरून सरळ. मग सरळ वर, नळी मोकळी झाल्यावरच पुढे. डावा हात नळीसमोर येता कामा नये. मी रोज २० वेळा, मोजत, सावकाश करायचे. नवव्या दिवशीसुद्धा घाई केली की हात मागे ४ वाजताच जायचा. म्हणूनच आज पुढे, उद्या मागे असं करू नका. हाताला एकच घर ठाऊक असू द्या.

पण माझी खरी कळकळ पिस्तूल परत ठेवण्याबद्दल आहे. पुढच्या जागेत नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या रोहिणीकडे असतं. तिथे गोळी लागली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जाऊ शकतो. ठेवायची घाई कधीच नसते. कपडा पूर्ण बाजूला धरा, मान खाली घालून होल्स्टरमध्ये बघा, कंबर पुढे काढून धड मागे झुकवा, म्हणजे नळीचं तोंड अंगापासून दूर राहतं. बाहेर हॅमर (गोळी उडवणारी मागची हातोडी) असलेलं पिस्तूल असेल तर अंगठा हॅमरवर ठेवा. ट्रिगर दबत असला तर अंगठ्याला हॅमर हललेला कळतो. जराही अडलं तर थांबा, बाहेर काढा, पाहा. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात मला असाच मऊसा अडथळा लागला. पाहिलं तर जाकिटाच्या दोरीची प्लॅस्टिकची गाठ ट्रिगर गार्डमध्ये शिरली होती. पिस्तूल रिकामं होतं. तरी मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले, मग कात्री आणून दोरी कापली. तेव्हापासून सकाळी मी होल्स्टर आधी हातात घेते, सुरक्षित दिशेला रोख धरून पिस्तूल त्यात बसवते आणि मग दोन्ही मिळून पट्ट्यात अडकवते.

शौचालयाचाही सराव घरीच करून ठेवा. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं नाही. पट्टा पुन्हा लावून गुडघ्यांमध्ये ताणून धरायचा, म्हणजे ते उलटं लोंबत नाही.

६ वाजण्याची जागा मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. पाठीवर पडलात तर कडक धातू थेट कण्यावर येतो, आणि ठेवताना दिसत तर काहीच नाही.

मी महिनाभर रिकाम्या पिस्तुलावर काढला आणि मगच नेमबाजीच्या रेंजवर गेले. होल्स्टरमधून काढून गोळीबार सगळीकडे चालत नाही, आधी विचारून घ्या. पहिल्या दिवशी प्रशिक्षक शेजारी उभे होते आणि मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरल्या होत्या.