आई-वडिलांच्या सांभाळाची वाटणी भावंडांनी कशी करावी

आई-वडील थकले की "ते धाकट्याकडे असतात" एवढ्यावर बहुतेक घरं विषय मिटवतात. प्रत्यक्षात सगळा भार धाकट्या सुनेवर पडतो, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं. पुढची भांडणं यातूनच होतात.

सुरुवात वहीपासून करा. एक आठवडा सगळी कामं लिहून काढा: कोण करतं आणि किती वेळ लागतो. आंघोळ, पथ्याचा स्वयंपाक, गोळ्यांचा डबा भरणं, दवाखान्यातली रांग, नोव्हेंबरमधला पेन्शनचा हयातीचा दाखला. रात्रीचं काम हमखास लिहायचं राहतं. वडिलांना दोनदा बाथरूमला नेणाऱ्या माणसाची झोप रोज मोडते, आणि महिन्याभरात त्याची चिडचिड घरभर पसरते. म्हणून रात्रीचा वेगळा रकाना ठेवाच.

मग खर्च. मागच्या तीन महिन्यांची बिलं जमवून सरासरी काढा. त्यातून आई-वडिलांचं स्वतःचं पेन्शन आधी वजा करा. समजा महिन्याला १८,००० लागतात आणि पेन्शन ६,००० आहे, तर उरले १२,०००. एका भावंडाची कमाई ८०,००० आणि दुसऱ्याची ४०,००० असेल, तर कमाईच्या प्रमाणात वाटा ८,००० आणि ४,००० असा पडतो. समान वाटणी कागदावर बरी दिसते, पण कमी कमावणारा लवकरच मागे पडतो आणि मग फोन उचलत नाही. ज्याच्या घरी सांभाळ होतो त्याचा पैशांचा वाटा कमी करा किंवा माफ करा. त्या घरातले हात रोज राबत असतात, तोही वाटाच आहे.

वाटणी ठरवायला सगळ्यांची बैठक घ्या. त्याआधी आई-वडिलांना एकेकटं, मुलं-सुना समोर नसताना विचारा की त्यांना कुठे राहायचंय. बैठकीला मुली, जावई, सुना सगळे हवेत. सणावारी, पाहुण्यांच्या गर्दीत हा विषय काढू नका.

दर महिन्याला घर बदलण्याची पाळी शक्यतो टाळाच. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाला नव्या घरात रात्री बाथरूम सापडत नाही आणि पडण्याचा धोका वाढतो. शिवाय डॉक्टर बदलतात, गोळ्यांचा घोळ होतो. आई-वडील एका जागी राहू देत. दुसऱ्या भावंडानेच वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस तिथे येऊन राहावं, म्हणजे सांभाळणाऱ्यांना खरी सुट्टी मिळेल.

डॉक्टरांशी एकानेच बोलावं. फाइलचे फोटो मात्र सगळ्यांना जावेत. तातडीच्या वेळी किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा, तेही आधीच ठरवा. दर तीन महिन्यांनी आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर ही वाटणी पुन्हा तपासा, कारण पायाच्या फ्रॅक्चरनंतर आधीचा सगळा हिशेब बदलतो.

घर-जमिनीचा विषय या बैठकीत आणू नका. वडील घर बक्षीसपत्राने कुणाच्या नावावर करणार असतील, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. या कायद्यात निर्वाहाची जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे. बोलणी पूर्णच तुटली, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.