मॉरिस बेजार यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

नृत्याच्या परीक्षेसाठी किंवा प्रबंधिकेसाठी परदेशी नृत्यरचनाकार निवडणारे आपल्याकडचे विद्यार्थी बहुधा जन्म, शिक्षण, पुरस्कार आणि मृत्यू या क्रमाने चार पाने भरतात, आणि त्या पानांत नृत्य मात्र कुठेच सापडत नाही. लातूर, परभणी, नांदेडकडच्या मुलांना रंगमंचावर बॅले पाहण्याची संधी क्वचितच मिळते, हे खरे आहे. तरीही मोबाईलवर एकच रचना पुन्हा पुन्हा आणि बारकाईने पाहिली, तर तारखांना आपापली जागा मिळू लागते. फ्रेंच नर्तक व नृत्यरचनाकार मॉरिस बेजार यांच्यासाठी मी ‘बोलेरो’ ही रचना सुचवतो.

सुरुवात कानाने करावी. संगीतकार रावेल यांनी १९२८ मध्ये रचलेले हे संगीत साधारण १५ मिनिटांचे आहे आणि त्यात लहान ड्रमवरचा एकच ठेका १६९ वेळा येतो. त्याचे आवर्तन सहा मात्रांचे असल्यामुळे दादरा येणाऱ्याला ते धरणे अवघड नाही. आघात मात्र अनुक्रमे ४, ४, २, ४, ४ आणि ६ असे एकूण २४ पडतात. पहिल्या मात्रेत एक आघात लांब आणि त्यामागून तीन आखूड, दुसरीतही तसेच, तिसरीत दोनच सारखे, आणि सहावीत सहा आघात एका दमात. हे टाळीवर बसेपर्यंत पडद्याकडे पाहू नये. गावात संबळ वाजवणारे कोणी असतील तर त्यांना हा ठेका अवश्य ऐकवावा. गोंधळाला रंग चढतो तशी लयही चढत जाते. येथे लय तीच राहते, वाद्ये तेवढी वाढत जातात. ऐकणाऱ्याची उत्कंठा त्यामुळेच ताणली जाते.

त्यानंतर रचना पाहावी. अंधारात प्रथम एका हातावर प्रकाश पडतो, मग हळूहळू मोठ्या लाल गोल मेजावर उभी असलेली एकटी व्यक्ती दिसू लागते. भोवती खुर्च्यांवर बसलेले नर्तक थोडेथोडे करून उठतात. मेजावरची व्यक्ती म्हणजे धून आणि भोवतालचा समूह म्हणजे ठेका, अशी बेजार यांची मांडणी आहे. भरतनाट्यम शिकलेल्यांनी गुडघ्यांकडे विशेष लक्ष द्यावे: अरमंडीची, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धे बसण्याच्या स्थितीची, आठवण करून देणारा, पण स्थिर न राहता सतत खालीवर होणारा हेलकावा तेथे दिसेल. १९६१ मध्ये ब्रुसेल्सला ही मध्यवर्ती भूमिका दुश्का सिफ्निओस यांनी केली. पुढे ती पुरुषालाही दिली गेली आणि होर्हे डॉन यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. दोन्ही प्रकारचे प्रयोग पाहून, एकच हालचाल स्त्री-पुरुषांच्या शरीरात कशी बदलते याची नोंद करावी.

आता वहीच्या मध्यावर १९६१ लिहावे आणि तेथून मागे-पुढे जावे. मागे १९६० मध्ये ब्रुसेल्सला स्थापन झालेली ‘विसाव्या शतकाचा बॅले’ ही मंडळी, त्याआधी १९५९ मध्ये स्त्राविन्स्की यांच्या वसंतोत्सवाच्या संगीतावर केलेली आणि त्यांना नाव मिळवून देणारी रचना, त्याहून मागे १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित आवाजांच्या जुळणीवर त्यांनी स्वतः नाचलेली रचना, आणि अगदी टोकाला जन्म: १ जानेवारी १९२७, मार्सेय, वडील तत्त्वज्ञ गास्तों बेर्झे यांचे घर. पुढच्या बाजूला १९६४ मधील बेथोव्हेन यांच्या नवव्या सिंफनीवरची रचना, १९७० मध्ये ब्रुसेल्सला काढलेली ‘मुद्रा’ ही शाळा, १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानला केलेले स्थलांतर, १९९२ मधील ‘रुद्र’ ही शाळा आणि २२ नोव्हेंबर २००७ रोजी लोझानलाच झालेला मृत्यू. बॅलेला ऑपेरागृहातून काढून सर्कशीच्या तंबूवजा सभागृहांत आणि क्रीडागृहांत नेण्याची त्यांची धडपड या ओळीत ठळकपणे दिसते. उघड्या मंचावर नाचणाऱ्या आपल्या मुलांना ती चटकन कळेल, असे मला मनापासून वाटते.

‘मुद्रा’ आणि ‘रुद्र’ ही नावे पाहून भारावून जाऊ नये, प्रश्न विचारावा. १९६८ च्या ‘भक्ती’ या रचनेत राम-सीता, कृष्ण-राधा आणि शिव-शक्ती अशा तीन जोड्या आहेत. ती पाहण्यापूर्वी वेरूळला जाऊन २१ क्रमांकाच्या लेण्यातील नृत्यरत शिवासमोर निवांत उभे राहावे; कंबरेचा बाक, पावलांवरचा भार आणि भोवतीचे वादक यांचे साधे रेखाटन करावे. मग बेजार यांच्या शिवाकडे पाहावे. हस्तमुद्रा आपल्याकडच्या वाटतात; धड आणि पाय कोणत्या शिस्तीतून आलेले आहेत, हे रेखाटन शेजारी ठेवून ठरवावे. माझ्या मते प्रबंधिकेचे सर्वांत मोलाचे पान येथेच तयार होते, म्हणून त्याला भरपूर वेळ द्यावा.

लिहायला बसण्याच्या आदल्या दिवशी अंगणात खडूने चार हातांचे वर्तुळ आखावे, ‘बोलेरो’ लावावे आणि हात मोकळे ठेवून गुडघ्यांचा तेवढाच हेलकावा करत राहावे. ज्या मिनिटाला पाय थांबतील, ते मिनिट वहीत लिहून ठेवावे.