पाणबुड्या रोबोची केबल पाण्यात अधांतरी कशी ठेवावी

घरी बनवलेला पाणबुडा रोबो पहिल्यांदा पाण्यात उतरतो तेव्हा सगळ्यांच्या नजरा मोटारींवर आणि कॅमेऱ्यावर खिळलेल्या असतात; केबलची आठवण होते ती तळाशी जाऊन बसल्यावर. बडोद्यात दांडिया बाजारातल्या काही शाळकरी मुलांना मी असा रोबो बनवायला मदत करतो. त्यांचा पहिला रोबो जलतरण तलावात पाच-सहा मीटर उत्तम गेला आणि मग त्याचे नाक वर, शेपूट खाली झाले. मोटारींमध्ये काहीही दोष नव्हता. मागे जोडलेली वीस मीटर लांब केबल आपल्या वजनाने शेपूट खाली ओढत होती आणि कॅमेऱ्याला तळाऐवजी पाण्याचा पृष्ठभाग दिसत होता.

केबल बुडते, कारण तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊपट आहे आणि वरचे पीव्हीसीचे आवरणही पाण्याहून जड असते. फोमचे तुकडे बांधून तिला तरंगवणे अवघड नाही. अवघड आहे ते नेमके तेवढेच तरंगवणे. फोम जास्त झाला तर केबल पृष्ठभागावर येते, वाऱ्याने वाहू लागते आणि रोबोला वर खेचते. कमी पडला तर ती तळावर घासते, दगडाधोंड्यांत अडकते आणि गाळ ढवळून कॅमेऱ्यासमोर पडदा उभा करते. म्हणून फोम अंदाजाने बांधू नये, आधी मोजमाप करावे.

या मोजमापाला स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा पुरतो. केबलच्या पाच मीटर तुकड्याची टोके मेणाने किंवा गरम गोंदाने बंद करावीत, कारण आवरणाच्या आतल्या पोकळीत पाणी शिरले तर आकडा चुकतो. तुकड्याचे वेटोळे करून त्याचे कोरडे वजन टिपून घ्यावे. मग पाण्याने भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले वेटोळे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असे हाताने धरून ठेवावे. आता काटा जो आकडा दाखवतो तो केबलने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजे केबलला पाण्याकडून मिळणाऱ्या आधाराचा असतो. आमच्या लॅनच्या, म्हणजे संगणक एकमेकांना जोडायच्या, केबलचे कोरडे वजन १६० ग्रॅम भरले आणि काट्यावर १०६ दिसले. फरक ५४ ग्रॅम, म्हणजे मीटरमागे सुमारे १०.८ ग्रॅम एवढे वजन आपल्याला उचलायचे आहे. वेटोळ्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून काढून टाकावेत. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकला तर ते लवकर सुटतात.

दुसऱ्याच्या केबलचा आकडा आपल्या केबलला लावू नये. स्वस्त लॅन केबलमध्ये पुष्कळदा शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते; ती वजनाला हलकी असते, पण तिचा विद्युतरोध जास्त असल्यामुळे लांबवर वीज नेताना मोटारींपर्यंत व्होल्टेज कमी पोहोचते.

फोम म्हणून मला सर्वांत सोयीची वाटते ती बांधकामात सांधे भरण्यासाठी वापरतात ती बॅकर रॉड. ती बंद पेशींच्या फोमची घ्यावी, कारण उघड्या पेशींचा फोम, म्हणजे उशीतल्यासारखा स्पंज, पाणी पिऊन बसतो. १० मिमी जाडीच्या एक मीटर रॉडचे तुकडे करून जुडी बांधावी आणि ती विणकामाच्या सुईने पाण्याखाली दाबून धरावी. काट्यावर सुमारे ७८ दिसतात. त्यातून रॉडचे स्वतःचे दोन-तीन ग्रॅम वजा केले की उचल साधारण ७५ ग्रॅम येते. आपल्याला मीटरमागे १०.८ हवी, म्हणजे रॉड साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास लागेल. आम्ही दर अर्ध्या मीटरवर साडेसात सेंटिमीटरचा एक तुकडा बसवला. वीस मीटरला चाळीस तुकडे, एकूण तीन मीटर रॉड. यात केबल किंचित वर राहते, आणि ते मला मुद्दाम हवे असते, कारण वर राहिलेली केबल दिसते आणि गुंडाळता येते. मोठे तुकडे दूरदूर लावण्याचा मोह टाळावा. त्यांच्यामध्ये केबल झोळीसारखी लोंबते.

बांधणीकडे विशेष लक्ष द्यावे. प्रत्येक तुकड्याला लांबीच्या दिशेने सरळ नव्हे, तर थोडी तिरपी चीर द्यावी, म्हणजे केबल आत बसल्यावर सहज निसटत नाही. मग दोन्ही टोकांना स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. साधी इन्शुलेशन टेप पाण्यात सैल होते. प्लॅस्टिकचे टाय आम्ही पहिल्यांदा करकचून आवळले होते. फोम चेपला, उचल घटली आणि टायची कापलेली टोके केबलसोबतच्या दोरीत अडकत राहिली.

खोलीचा विचार वेगळा करावा लागतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि मऊ फोम आकुंचन पावून आपली उचल गमावतो. तीन-चार मीटरपर्यंत बॅकर रॉडने काम भागते; त्याखाली जायचे असेल तर मासेमारीच्या जाळ्यांना लावतात तसे कठीण तरंगे घ्यावेत. पॉलिप्रॉपिलीनची दोरी पाण्यावर तरंगते खरी, पण १० मिमीच्या दोरीची उचल मीटरमागे चार-पाच ग्रॅमच असते. तिचा खरा उपयोग ताण घेण्यासाठी करावा: रोबो ओढायचा तो दोरीने, केबल तिच्या बाजूने सैल बांधलेली असावी. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीचीच वापरावी आणि तारेत फ्यूज घालावा.

चाचणी दोनशे लिटरच्या पिंपात तीन मीटर तुकडा सोडून करावी आणि मगच संपूर्ण केबल बांधावी. विश्वामित्री नदीत किंवा आजव्याच्या जलाशयात चाचणीसाठी मुलांना नेऊ नये. दोन्ही ठिकाणी मगरी आहेत. जलतरण तलावात परवानगी काढून सकाळी लवकर जावे. तिथे केबल पूर्ण सोडून पाच मिनिटे थांबावे आणि ती जिथे खाली झुकलेली दिसेल तिथे तीन सेंटिमीटरचा तुकडा वाढवावा. रोबोजवळच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये मात्र तुकडे किंचित आखूड करावेत, म्हणजे केबल तिथे ना वर ओढते ना खाली. हीच केबल पुढे समुद्रात नेणार असाल तर समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जास्त घन असल्यामुळे आमच्या वीस मीटर केबलला साधारण सोळा ग्रॅम जास्त उचल मिळेल. तेवढ्यासाठी दोन-तीन तुकडे काढून ठेवावेत.