बसाल्टमधल्या ॲपटाइटवरून शिलारसातल्या वायूंचा माग

शिलारसात किती वायू होते याचा अंदाज त्यात वाढलेल्या स्फटिकांवरून घेता येतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतली निळं कॅव्हन्साइट किंवा स्टिल्बाइट ही खनिजं या कामाची नाहीत. ती दगडातल्या पोकळ्यांत मागाहून झिरपलेल्या पाण्यातून वाढलेली असतात. शिलारसातच जन्मलेलं खनिज हवं, आणि त्यात ॲपटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचं खनिज) उत्तम, कारण फ्लोरीन, क्लोरीन आणि हायड्रॉक्सिल (OH, म्हणजे पाण्याचा माग) तिघंही त्याच्या स्फटिकजाळीतल्या एकाच जागेवर बसतात.

कात्रज किंवा दिवे घाटाच्या बाजूचा ताजा, सुटा दगड घ्या. लाव्हाच्या प्रवाहाच्या मधल्या घट्ट भागातला किलोभर पुरे. वरचा जाळीदार भाग, मुरूम, तांबडा थर नको. किल्ल्यांवर हातोडा अजिबात नको.

बसाल्टमध्ये ॲपटाइट उशिरा तयार होतं. त्यामुळे बारीक दाण्यांमधल्या ॲपटाइटच्या सुया बऱ्याचदा वायू निसटल्यानंतरच्या उरलेल्या रसाबद्दल सांगतात. ऑजाइट या गडद खनिजाच्या आत बंदिस्त, आसपास तडा नसलेले ॲपटाइटचे कण शोधा. मोजणी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर होते: इलेक्ट्रॉनचा किरण कणावर सोडून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. त्यासाठी दगडाचा तुकडा एपॉक्सी या चिकट राळेत बसवून घासा, शेवटची पॉलिश हिऱ्याच्या १ मायक्रॉन पेस्टने करा, वर कार्बनचा लेप द्या. एपॉक्सीत क्लोरीन असतं, म्हणून कडा आणि भेगा टाळा.

सूक्ष्मदर्शकाखाली षट्कोनी दिसणारा कण सोडून द्या. त्यात किरण थेट लांब अक्षावरून आत जातो आणि फ्लोरीनचा आकडा मोजता मोजता बदलत राहतो. लांब बाजूने आडवा पडलेला, पट्टीसारखा दिसणारा, निदान १० मायक्रॉन रुंद कण निवडा. यंत्राची मांडणी: १० ते १५ किलोव्होल्ट, ४ ते १० नॅनोअँपिअर, किरण ५ ते १० मायक्रॉन पसरवलेला. फ्लोरीन आणि क्लोरीन सर्वांत आधी मोजा, वेळेनुसार मोजणी नोंदवा. आलेख चढला तर बिंदू बाद. फ्लोरीन वजनाच्या ३.७७ टक्क्यांच्या वर गेलं तर मोजणीच चुकली. त्या जागेत त्याहून जास्त मावत नाही.

आता हिशेब. फ्लोरीनला ३.७७ ने, क्लोरीनला ६.८१ ने भागा (त्या जागेत मावणारी दोघांची कमाल टक्केवारी); म्हणजे त्या जागेतला प्रत्येकाचा वाटा कळतो. समजा २.२६ आणि ०.६८ टक्के आले: ०.६० आणि ०.१०. उरलेले ०.३० हायड्रॉक्सिल. ते वजाबाकीतून येतं, त्यामुळे दोन्ही मोजण्यांच्या चुका त्यात जमा होतात, फ्लोरीनचा वाटा ०.९ च्या वर असेल तर पाण्याबद्दल न बोललेलं बरं.

हे आकडे थेट शिलारसाचे नव्हेत. ॲपटाइट फ्लोरीनला जास्त जवळ करतं, म्हणून तापमानानुसार विनिमय गुणांक (ॲपटाइट आणि शिलारसात हे घटक कसे वाटले जातात ते सांगणारा आकडा) लावूनच शिलारसातली गुणोत्तरं काढा. कार्बन डायऑक्साइड यातून कळत नाही. त्यासाठी ऑलिव्हिन या खनिजामध्ये अडकलेले काचेचे थेंब तपासावे लागतात.