कळंबोलीहून लेहला ट्रक पाठवताना

लेहचं भाडं पक्कं करताना आधी ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचा, हिशोब मांडा. साध्या मालाला दर 200 किमीला 1 दिवस मिळतो. कळंबोली ते लेह मनालीमार्गे सुमारे 2,400 किमी, म्हणजे 12 दिवस. हे पुरेसे वाटतात, पण वाटेतली बारालाचा ला ही खिंड बर्फाने बंद झाली की गाडी घाटाच्या पायथ्याशीच उभी राहते आणि बिलाचे दिवस संपत जातात. मुदत संपण्याआधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. तीही ज्या ट्रान्सपोर्टरकडे माल आहे त्यालाच. वर नेटवर्क मिळेलच असं नाही, त्यामुळे हे काम ड्रायव्हरच्या गळ्यात घालू नका. ऑफिसात बसणाऱ्यानेच गाडी कुठे आहे ते विचारून वेळेत मुदत वाढवावी. संपलेल्या बिलावर तपासणी झाली तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात.

नॅशनल परमिट, विमा, पीयूसी आणि फिटनेस परतीच्या तारखेनंतरही महिनाभर चालू राहतील असं पाहा. 8 वर्षांवरच्या गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरवर्षी असतं. ते जवळ आलं असेल तर निघण्याआधी उरकून घ्या. वजन निघतानाच काट्यावर करा. ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. आमचं मत विचाराल तर आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) लिहिलेल्या वजनापेक्षाही थोडं कमीच भरा: मनालीच्या वाटेवरची टांगलांग ला खिंड 5,300 मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा होतो आणि चढावर इंजिनाची ताकद पडते.

मनालीचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. श्रीनगरकडून जोझी ला मार्गे जायचं तर जड वाहनं बहुतेक वेळा एका दिवशी एकाच बाजूने सोडतात. ट्रॅफिक पोलिसांची त्या दिवसाची सूचना पाहूनच गाडी हलवा. बर्फात चाकांच्या साखळ्यांशिवाय पुढे सोडत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थंडीने. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नुसतं पाणी चालून जातं. वर ते रात्रीत गोठतं, फुगतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, हे मिश्रण उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलचं विंटर डिझेल 2019 पासून लडाखमध्ये मिळतं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं. मुक्कामाआधी ते भरा आणि फिल्टरपर्यंत पोचेल इतका वेळ इंजिन चालू ठेवा. बीएस-6 गाडीत रॉकेल मिसळू नका, इंजेक्टर जातात. टाकीखाली जाळ तर कधीच करू नका. फिल्टरवर गरम पाण्याची फडकी ठेवा.

बीएस-6 गाडीत धूर साफ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात तो युरिया (डीईएफ) उणे 11 अंशांना गोठतो. गोठून खराब होत नाही, पण फुगतो, म्हणून टाकी काठोकाठ भरू नका. ब्रेकच्या हवेतली ओल काढणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज निघण्याआधी बदला आणि हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज संध्याकाळी सोडा. ते व्हॉल्व्हमध्ये गोठलं की ब्रेक सुटत नाहीत. ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक लायनर गोठून ड्रमला चिकटतात. मुक्कामाला सपाट जागा शोधा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.