नव्या सत्रासाठी शाळेचे ध्येय कसे ठरवावे

महाराष्ट्रात प्राथमिक शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा; म्हणून ध्येयाची चर्चा शाळा व्यवस्थापन समितीने त्याआधीच करावी. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, तसेच शाळा विकास आराखडाही तिनेच तयार करायचा असतो. तेव्हा मुख्याध्यापकांनी तयार कागदावर केवळ सह्या घेऊ नयेत.

ध्येय लिहिताना ‘सर्वांगीण विकास’ असे भारदस्त शब्द टाळावेत (ते भिंतीवरच शोभतात) आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल समजून वाचेल व साधी गणिते सोडवेल, हे 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आपल्या वर्गांच्या भाषेत मांडावे. त्यासाठी पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद वाचून घ्यावा, वजाबाकीचे एक उदाहरण सोडवून घ्यावे आणि कोण अक्षरापाशी, कोण शब्दापाशी अडते, याची नोंद वहीत करावी. घरी अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना सुरुवातीस त्यांच्या भाषेत उत्तर देऊ द्यावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तीच नोंद पुन्हा घेऊन ती पालकसभेत वाचून दाखवावी.