क्रिमिनल साईडला नवीन येताय? मग आधी रिमांड शिका

लॉ संपवून क्रिमिनल साईडला आलेले ज्युनिअर विचारतात, आधी क्रॉस (उलटतपासणी) शिकू का बेल. माझं म्हणाल तर आधी रिमांड, म्हणजे अटक केलेल्या आरोपीला कोर्टापुढे आणून पोलीस त्याची कोठडी मागतात ती सुनावणी. पोलीस आरोपींना घेऊन येतात त्या वेळेला मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसा, काम नसलं तरी बसा, कारण आरोपीचे बरेचसे हक्क त्या पाच-दहा मिनिटांत मागितले तरच मिळतात.

रिमांड रिपोर्ट (पोलिसांचा कोठडी मागणारा अर्ज) हातात आला की पहिली अटकेची वेळ बघा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहे, त्यात कलम ५८ प्रमाणे २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावं लागतं. कागदावर अटक रात्री सव्वाअकराची असते आणि बायको बाहेर सांगत असते की वकीलसाहेब, सकाळी चहा पीत होते तेव्हाच उचलून नेलं. हे नुसतं तोंडी बोलू नका, दोन ओळींचा अर्ज द्या, सीसीटीव्ही जपून ठेवायची मागणी त्यातच करा. कोर्ट विचारतं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आरोपी घाबरून नाही म्हणतो, म्हणून त्याच्याशी त्याआधीच बोलायला हवं, दोन मिनिटं का होईना.

मग अटकेची कारणं. 'तपासकामी अटक आवश्यक' हे छापील वाक्य म्हणजे कारण नाही, या माणसाने नेमकं काय केलं असा आरोप आहे ते हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वरळीच्या हिट अँड रन केसवरून स्पष्ट केलंय की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यायची, लगेच जमत नसेल तर निदान रिमांडच्या दोन तास आधी. मराठी कागदावर ओडिया मजुराची सही दिसली तर तिथेच बोला. शिक्षा ७ वर्षांपर्यंतची असेल तर कलम ३५(३) ची, म्हणजे अटकेऐवजी हजर राहायची, नोटीस का नाही दिली हेही विचारा, अशा गुन्ह्यांत सरसकट अटक नको सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल पाठ हवाच.

आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणजे पीसीआर (पोलीस कोठडी) संपला असं समजू नका, आता पोलीस कोठडीचे एकूण १५ दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिफॉल्ट बेल. कलम १८७(३), गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, केस कितीही वाईट दिसो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, आणि तो दिवस धरून (सुप्रीम कोर्टाचा कपिल वाधवान निकाल, २०२३). म्हणजे पहिला रिमांड १ मार्चला असेल तर २९ एप्रिलला ६० दिवस भरतात, ३० ला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे. दुपारी चार्जशीट आधी आलं आणि तुमचा अर्ज नंतर, तर हक्क गेला. उलट अर्ज आधी असेल तर नंतर आलेल्या चार्जशीटने तो जात नाही. त्यामुळे डायरीत ६१ वा आणि ९१ वा दिवस पहिल्याच रिमांडला लिहायचा. फी राहिली असेल तरी अर्ज थांबवू नका, प्लीज, आत माणूस आहे.

वकील नसलेला आरोपी दिसला तर विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा, कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जामीन होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेलेही खूप असतात, तिथे कॅश बेलचा (जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून सुटायचा) किंवा अट शिथिल करायचा अर्ज लगेच टाका.